आधी प्रीॲम्प की आधी इफेक्ट्स? ॲकॉस्टिक गिटारवादकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात ॲकॉस्टिक गिटार स्पीकरवर वाजवण्यासंबंधीची पत्रे इतकी आली की हार्मोनियमच्या भात्याविषयीचे ठरलेले उत्तर पुढच्या अंकावर ढकलावे लागले. बहुतेक पत्रे नाशिक शहर आणि आसपासच्या गावांतली आहेत. गणेशोत्सव संपून पाडवा पहाटेच्या तालमी सुरू झाल्या की असे प्रश्न दरवर्षीच वाढतात. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : माझ्या ॲकॉस्टिक गिटारला सॅडलखाली, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखाली, पिझो पिकअप बसवून घेतला आहे. त्यात बॅटरी नाही. मी एका भावगीतांच्या वृंदात साथ करतो आणि अधूनमधून कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत एकटाच गातो-वाजवतो. गिटार थेट मिक्सरला जोडली की आवाज पातळ आणि टणटणीत येतो, खर्जाच्या तारा जवळजवळ ऐकूच येत नाहीत. दुकानदार म्हणतात, ॲकॉस्टिकसाठीचे मल्टिइफेक्ट्स पेडल घ्या, त्यात सगळे आले. आमचे तबलजी म्हणतात, आधी चांगला प्रीॲम्प घ्या, बाकीचे नंतर पाहू. दोन्ही एकदम घेणे परवडणार नाही. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : तबलजींचे ऐकावे. प्रीॲम्प म्हणजे पिकअपचा दुबळा सिग्नल पुढच्या यंत्रांजोगा करणारी डबी. आपल्या पिकअपमध्ये बॅटरी नाही, म्हणजेच त्याच्यासोबत कोणतेही विद्युतमंडल नाही, हा आपण जाता जाता दिलेला तपशील या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, म्हणून त्याचा खुलासा थोडा विस्ताराने करतो.

पिझो पिकअप ही दाब पडला की विद्युतदाब निर्माण करणारी एक पातळ पट्टी असते. तारांच्या कंपनांनी सॅडल दाबले-सोडले जाते आणि त्याप्रमाणे पट्टीतून सिग्नल निघतो. मात्र या सिग्नलमागे प्रवाह पुरवण्याची ताकद फारच थोडी असते. विजेच्या दृष्टीने ही पट्टी एका लहानशा कपॅसिटरसारखी वागते आणि ती ज्या यंत्राला जोडली जाईल, त्या यंत्राच्या इनपुटने तिच्याकडून फार प्रवाह मागितला, तर सर्वांत आधी खर्ज गळून पडतो. इनपुट किती कमी प्रवाह मागतो हे त्याच्या इम्पिडन्सवरून कळते. इम्पिडन्स जितका मोठा, तितकी मागणी कमी.

आकड्यांनी पाहिले तर चित्र अगदी स्पष्ट होते. उदाहरणादाखल पिकअपची कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड धरू. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स साधारण १० किलोओहम असतो. अशा जोडणीत सुमारे १६ हजार हर्ट्झच्या खालचे सगळे उत्तरोत्तर क्षीण होत जाते, म्हणजे गिटारचा जवळजवळ संपूर्ण आवाज उतारावर असतो आणि वर उरतो तो केवळ नखीचा टणत्कार. आपण ऐकता आहात तो पातळपणा हाच. ट्रान्सफॉर्मर असलेल्या साध्या पॅसिव्ह (विजेविना चालणाऱ्या) डीआय बॉक्सचा, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला साजेसा करून देणाऱ्या डबीचा, इनपुट १४० किलोओहमच्या आसपास असतो, तेथे हा उतार सुमारे ११०० हर्ट्झपासून सुरू होतो. इलेक्ट्रिक गिटारसाठी बनवलेल्या बहुतेक पेडल्सचा इनपुट १ मेगाओहमच्या घरात असतो, तेथे उतार १६० हर्ट्झच्या आसपास लागतो. हे ऐकायला पुरेसे वाटेल, पण गिटारच्या खालच्या तीन मोकळ्या तारा ८२, ११० आणि १४७ हर्ट्झवर आहेत, म्हणजे तिन्ही त्या रेषेच्या खाली. इनपुट १० मेगाओहमचा असेल तर मात्र ही रेषा १६ हर्ट्झवर जाते आणि गिटारच्या दृष्टीने प्रश्नच उरत नाही. प्रत्यक्ष पिकअपची कपॅसिटन्स याहून कमी-जास्त असू शकते, तरी हिशेबाची दिशा बदलत नाही.

पिकअपनंतरचा पहिलाच इनपुट महत्त्वाचा ठरतो तो यामुळे. तेथे गळालेला खर्ज पुढे बेसचे बटण फिरवून काही प्रमाणात वर आणता येतो, पण त्याबरोबर खरखर आणि विजेची गुणगुणही वर येते, आणि त्यापुढे कितीही महागडा रिव्हर्ब जोडला तरी तो त्या पातळ आवाजालाच सभागृहाचे पांघरूण घालतो.

चांगला ॲकॉस्टिक प्रीॲम्प हा इनपुट तर देतोच, शिवाय आणखी तीन कामे करतो. पहिले काम ईक्यूचे, म्हणजे आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करण्याचे. इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरवर असतो तसा ढोबळ बेस-मिडल-ट्रेबल नव्हे, तर मधल्या पट्ट्यात नेमकी जागा निवडून तेवढेच कमी करता येईल असा ईक्यू. पिझोचा जो कर्कश, बदकासारखा आवाज आपल्याला खटकतो, तो बहुधा मधल्या आणि वरच्या मधल्या पट्ट्यात असतो आणि तेथे थोडी कपात केली की बरेच काम होते. दुसरे काम घुमणे रोखणाऱ्या नॉच फिल्टर आणि फेज स्विच यांचे, त्याविषयी पुढे सिन्नरच्या वाचकांच्या उत्तरात लिहिले आहे. तिसरे काम बॅलन्स्ड एक्सएलआर आउटपुटचे, म्हणजे माइकच्या केबलला असते तशा तीन पिनांच्या जोडणीचे. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या सभागृहात रंगमंचापासून मिक्सरपर्यंतचे अंतर बरेच असते. साधी जॅकची केबल पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की वाटेत गुणगुण गोळा करते, तर बॅलन्स्ड केबल त्याच वाटेने अनेक पटींनी लांब नेली तरी स्वच्छ राहते.

इफेक्ट्स पेडल यांतले काहीच करत नाही असे नाही, पण त्याचा उद्देश वेगळा आहे. रिव्हर्ब जागेचा आभास देतो, डिले स्वराची पुनरावृत्ती करतो, कोरस त्याच स्वराची किंचित उशिरा येणारी आणि डुलणारी प्रत मूळ स्वरात मिसळतो. हे सगळे अलंकार आहेत. आपल्या गिटारला आज अलंकारांपेक्षा आवाजाची गरज आहे.

दुकानदारांच्या सल्ल्यातही तथ्य आहे, कारण दोन्ही कामे एका डबीत करणारी यंत्रे खरोखरच मिळतात. बॉसचे एडी-२ हे लहान पेडल पिझोच्या आवाजात लाकडाचा अनुनाद मिसळते, थोडा रिव्हर्ब देते आणि त्यात नॉचही आहे, पण त्याची सगळी सॉकेट्स साध्या जॅकची आहेत, एक्सएलआर नाही. फिशमनच्या टोनडेकमध्ये ईक्यू, कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारा), कोरस, डिले, रिव्हर्ब आणि डीआय हे सगळे आहे. एकट्याने गाऊन-वाजवणाऱ्यांसाठी बॉसचे व्हीई-८ गिटार आणि माइक दोन्ही घेते. दुसऱ्या बाजूला निव्वळ प्रीॲम्प म्हणावा तर एलआर बॅग्जचा पॅरा ॲकॉस्टिक डीआय : १० मेगाओहमचा इनपुट, पाच पट्ट्यांचा ईक्यू, फिरवता येणारा नॉच, फेज बदलण्याची सोय, इफेक्ट्ससाठी लूप (बाकीची पेडल्स मध्येच जोडण्याची जागा), आणि चालतो ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरकडून केबलमधूनच येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर. ज्यांना पायाखाली ट्यूनर आणि सोलोसाठी आवाज वाढवणारे बूस्टही हवे, त्यांच्यासाठी त्याच कंपनीचा व्हेन्यू डीआय किंवा फिशमनचा प्लॅटिनम प्रो ईक्यू आहे.

आपल्यासाठी माझा स्पष्ट कौल निव्वळ प्रीॲम्पला आहे, आणि त्याचे एक व्यवहारी कारण सांगतो. आपण पेडलमध्ये विकत घ्याल तो रिव्हर्ब बहुतेक लहान मिक्सरमध्ये आधीच असतो. कॅफेच्या मिक्सरवर आणि साउंडवाल्यांच्या मिक्सरवर तो गायकासाठी लावलेलाच असतो, आपल्या चॅनेलचे एक बटण थोडे उघडले की तो आपल्यालाही मिळतो. मोठ्या इम्पिडन्सचा इनपुट मात्र त्या मिक्सरवर सहसा मिळत नाही. जे दुसरीकडे फुकट आहे ते आधी विकत घेण्यात अर्थ नाही.

तरीही एकत्रित पेडलच घ्यायचे ठरवलेत, तर डबीवरच्या इफेक्ट्सची संख्या मोजू नये. माहितीपत्रकात इनपुट इम्पिडन्सचा आकडा शोधावा, एक्सएलआर आउटपुट आहे का ते पाहावे, आणि दुकानात स्वतःची गिटार नेऊन सगळे इफेक्ट्स बंद ठेवून फक्त सहावी तार वाजवून ऐकावी. दुकानातली गिटार वापरू नये, तिच्यात बहुधा बॅटरीचा प्रीॲम्प असतो आणि मग आपल्याला हवा तो फरक कळतच नाही.

प्रश्न : माझ्या गिटारच्या कडेला ईक्यूच्या पट्ट्या आणि ट्यूनर असलेला अंगचाच प्रीॲम्प आहे. मलाही वेगळा प्रीॲम्प आधी घ्यावा लागेल का? (एक विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : नाही. आपण वरचे उत्तर वाचण्याआधीच हा प्रश्न पाठवला असला, तरी हे आणि अशी इतर पत्रे येणार हे गृहीत धरूनच ते उत्तर एका विशिष्ट पिकअपपुरते ठेवले आहे. आपल्या गिटारमधला बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प पिझोला हवा तो मोठा इनपुट पेटीच्या आतच देतो, आणि बाहेर येणारा सिग्नल कोणत्याही पेडलला किंवा साध्या पॅसिव्ह डीआयला सहज पेलतो. आपल्यासाठी पहिली खरेदी साधा डीआय बॉक्स आणि त्यानंतर हवे असल्यास एखादे इफेक्ट पेडल, हा क्रम योग्य आहे. स्वतंत्र प्रीॲम्प तेव्हाच घ्यावा, जेव्हा अंगच्या ईक्यूने खटकणारा पट्टा हाती लागत नाही किंवा घुमण्यावर इलाज होत नाही.

दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. घरी एकट्याने वाजवताना बेस आणि ट्रेबल वर, मिडल खाली अशी मांडणी फार गोड लागते. तीच मांडणी घेऊन तबला, हार्मोनियम आणि कीबोर्ड यांच्यामध्ये बसलात की गिटार नाहीशी होते, कारण खालची जागा तबल्याच्या डग्ग्याने आणि कीबोर्डने घेतलेली असते आणि श्रोत्याच्या कानाला गिटारची ओळख पटवणारा मधला पट्टा आपणच काढून टाकलेला असतो. बाहेरचा ईक्यू वापरणार असाल तर अंगच्या पट्ट्या मधोमध ठेवाव्यात. एकाच आवाजावर दोन ठिकाणी उलटसुलट दुरुस्त्या करण्याने केवळ खरखर वाढते. दुसरी गोष्ट बॅटरीची. जॅक गिटारमध्ये खोचलेला असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, मग वाजवा किंवा न वाजवा. जोरात छेडल्यावर आवाज फुटू लागला तर पेडलला दोष देण्याआधी बॅटरी बदलून पाहावी.

प्रश्न : उघड्या मंचावर आमची गिटार एका ठरावीक सुरावर ‘घूंऽऽ’ करून घुमू लागते. साउंडवाले आवाज कमी करतात, मग मॉनिटरमध्ये, म्हणजे आमच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचे वाजवणेच ऐकू येत नाही. यावर पेडल आहे का? (भजनी मंडळाचे गिटारवादक, सिन्नर)

उत्तर : पेडल आहे, पण आधी घुमण्याचे कारण पाहू. ॲकॉस्टिक गिटारची पेटी हवेने भरलेली आहे आणि तिचे तोंड उघडे आहे. मोठ्या आकाराच्या, म्हणजे ड्रेडनॉट प्रकारच्या गिटारमध्ये ही हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास आपणहून डोलते. वरच्या लाकडी फळीचा स्वतःचा अनुनाद त्याहून वर, बहुतेकदा २०० हर्ट्झच्या जवळपास असतो. मॉनिटरमधून येणारा आवाज पेटीवर आदळला की ती याच ठिकाणी सर्वाधिक थरथरते, ती थरथर पिकअपमधून पुन्हा मॉनिटरमध्ये जाते आणि हे चक्र स्वतःलाच वाढवत नेते. गायकाच्या माइकची तीक्ष्ण शिट्टी आणि गिटारचा हा जाड घुमारा यांचे तत्त्व एकच आहे, जागा वेगळी आहे.

नॉच फिल्टर नेमक्या त्या जागी आवाजाचा एक अरुंद तुकडा कापून काढतो. तो लावण्याची पद्धत अशी : कार्यक्रमाआधी, ज्या जागी बसून वाजवणार आहात तेथेच बसावे, मॉनिटर चालू ठेवून गिटारचा आवाज हळूहळू वाढवावा, घुमायला जेमतेम सुरुवात होईल तेथे थांबावे आणि नॉचचे बटण सावकाश फिरवत न्यावे. एका ठिकाणी घुमणे एकदम थांबते. बटण तेथेच ठेवून आवाज किंचित खाली घ्यावा. याची किंमत द्यावी लागते हे मात्र लक्षात असू द्या. सहाव्या तारेवरच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ९८ हर्ट्झचा आहे आणि पाचवी मोकळी तार ११० हर्ट्झची, त्यामुळे नॉच १०० च्या आसपास बसला तर हे स्वर बाकीच्यांपेक्षा दबलेले वाटतील. कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वरच्या पट्टीत वाजवणाऱ्यांना हा तोटा कमी जाणवतो.

फेजचा स्विच त्याहून सोपा आहे आणि बहुतेक वादक त्याला हातच लावत नाहीत. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते. मॉनिटर आणि पेटी यांच्यातल्या अंतरानुसार परत येणारी लहर कंपनाला कधी साथ देते, कधी विरोध करते. स्विच फिरवला की साथीचा विरोध होतो. कोणती बाजू योग्य हे आधी सांगता येत नाही, दोन्ही ऐकून ठरवावे, आणि खुर्ची एखादा मीटर सरकली तर पुन्हा तपासावे.

पेडल घेण्याआधी एक साधा उपाय करून पाहावा, तो म्हणजे ध्वनिछिद्रात बसणारी रबरी चकती. ती पेटीतल्या हवेचे डोलणे थेट रोखते. चकती बसवल्यावर गिटारचा माइकविना ऐकू येणारा आवाज बसका होतो, पण भजनाच्या मंचावर, पखवाज आणि टाळांच्या शेजारी, तो तसाही कोणाला ऐकू येत नाही. मॉनिटर पेटीच्या तोंडासमोर न ठेवता बाजूने आणि कानाच्या दिशेने कलवून ठेवावा. एवढे करून घुमणे राहिलेच, तर नॉच आणि फेज दोन्ही असलेला प्रीॲम्प घ्यावा. साउंडवाल्यांच्या मिक्सरवरही ईक्यू असतो, पण लहान मिक्सरवरचे बेसचे बटण फार रुंद पट्टा कापते, आणि १०० हर्ट्झसाठी ते फिरवले तर गिटारचा निम्मा देह निघून जातो.

प्रश्न : माझ्याकडे ट्यूनर, कॉम्प्रेसर, कोरस, डिले, रिव्हर्ब अशी पाच पेडल्स आणि एक प्रीॲम्प-डीआय आहे. जोडणीचा क्रम काय असावा? सगळी एका ॲडॅप्टरवर जोडली की बारीक किणकिण येते आणि डीआय जोडला की जाड गुणगुण येते. (एक वाचक, सातपूर)

उत्तर : क्रमाविषयी फार वाद घालण्यासारखे नाही : गिटार, प्रीॲम्पचा इनपुट, आणि प्रीॲम्पच्या लूपमध्ये ट्यूनर, कॉम्प्रेसर, कोरस, डिले, रिव्हर्ब याच ओळीने. लूप नसेल तर ईक्यूचे पेडल आधी, इफेक्ट्स मध्ये आणि डीआय शेवटी. ईक्यू आणि कॉम्प्रेसर रिव्हर्बच्या आधी असावेत, कारण नंतर आले तर ते मूळ स्वराबरोबर त्याच्या प्रतिध्वनीलाही पिळतात. गिटारमध्ये बॅटरी नसेल तर ट्यूनर पहिला ठेवू नये. काही ट्यूनर बंद असतानाही सिग्नलवर थोडा भार टाकतात.

दोन आवाजांची कारणे वेगळी आहेत. बारीक किणकिण ही डिजिटल पेडल्सची. डिले आणि रिव्हर्ब बहुधा डिजिटल असतात, प्रत्येकाला शंभर मिलिॲम्पिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो, आणि त्यांच्या आतल्या क्लॉकचा, म्हणजे वेगवान ठोके देणाऱ्या मंडलाचा, आवाज एकाच ॲडॅप्टरच्या सामाईक तारेतून बाकीच्या पेडल्समध्ये शिरतो. प्रत्येक पेडलला विलग पुरवठा देणारा पॉवर सप्लाय हा पक्का इलाज, तर डिजिटल पेडल्सना स्वतंत्र ॲडॅप्टर देणे हा स्वस्त इलाज. ॲडॅप्टरच्या टोकाची ध्रुवता तपासावी. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट आणि मध्यबिंदू ऋण लागतो, पण सगळ्यांना नाही.

जाड गुणगुण ही ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींची आहे. आपली पेडल्स एका प्लगवर आणि मिक्सर दुसऱ्या प्लगवर असल्याने अर्थिंगचे दोन मार्ग तयार होतात आणि त्यांच्यामधून प्रवाह फिरतो. डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच सिग्नलच्या केबलमधला एक मार्ग तोडतो, तो दाबून पाहावा. शक्य असेल तर मंचावरची सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत.

येथे एक गोष्ट ठासून लिहिणे भाग आहे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची जाड, अर्थिंगची पिन मोडणे किंवा तिची तार काढणे ही आपल्याकडे साउंडच्या कामात सर्रास दिसणारी युक्ती जिवावर बेतू शकते. गिटारच्या तारा केबलच्या जाळीला जोडलेल्या असतील, ओठ माइकच्या धातूला लागत असतील आणि दोन्हींचे अर्थिंग वेगळे किंवा तुटलेले असेल, तर शरीरातूनच मार्ग पूर्ण होतो. भाद्रपदातल्या ओल्या मांडवात तर ही चूक मुळीच परवडणारी नाही. असा तुटका प्लग दिसला तर वाजवायला बसू नये, आयोजक कितीही घाई करोत.

प्रश्न : मी नायलॉन तारांची गिटार शिकवतो आणि वाजवतो. पिकअपच्या आवाजाला ‘खऱ्या लाकडाचा’ गुण देणारी पेडल्स निघाली आहेत असे ऐकतो. ती कामाची आहेत का, की माइकच बरा? (एक गिटार शिक्षक, पंचवटी)

उत्तर : शांत जागी, एकट्याने, कमी आवाजात वाजवणार असाल तर माइकला तोड नाही. कुसुमाग्रज स्मारकात होतात तशा घरगुती वळणाच्या बैठकीत बारावा पडदा आणि ध्वनिछिद्र यांच्या मधोमध, वीत-दीड वीत अंतरावर चांगला कंडेन्सर माइक ठेवावा आणि पेडलचा विचार सोडून द्यावा. मॉनिटर आणि तालवाद्ये आली की मात्र माइक घुमतो, आणि मग या पेडल्सची वेळ येते.

त्यांच्या कामाच्या पद्धती दोन-तीन आहेत. बॉस एडी-२ किंवा टीसी इलेक्ट्रॉनिकचे बॉडीरेझ पिकअपच्या सिग्नलमध्ये पेटीच्या अनुनादासारखी भर घालतात, आणि बॉडीरेझला तर त्यासाठी एकच बटण आहे. फिशमनच्या ऑरामध्ये माइकने ध्वनिमुद्रित केलेल्या गिटारींवरून तयार केलेल्या ध्वनिप्रतिमा असतात, त्यांतली आपल्या गिटारच्या आकाराशी जुळणारी निवडायची. ऑडिओ स्प्रॉकेट्सचे टोनडेक्स्टर आपल्याच गिटारला माइक आणि पिकअप एकाच वेळी जोडून, दोन्हींतला फरक स्वतः शिकून घेते. हा शेवटचा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात दुसऱ्या कोणाच्या गिटारचा आवाज आपल्या गिटारला चिकटवला जात नाही.

या सगळ्यांत एक समान मर्यादा आहे. लाकडाचा अनुनाद मिसळला की खालच्या पट्ट्यातला आवाज वाढतो, आणि तो वाढला की वर सांगितलेला घुमारा जवळ येतो. म्हणून दिवाणखान्यात अर्ध्यावर आवडलेले बटण मंचावर पावाच्या आसपास आणावे लागते. नायलॉनच्या तारांविषयी एक खबरदारी : ध्वनिछिद्रात बसणारा चुंबकीय पिकअप स्टीलच्या तारांसाठीच असतो, नायलॉनच्या तारा चुंबकाला दिसतच नाहीत. आपल्याला पिझो किंवा माइक एवढेच पर्याय आहेत, आणि पिझो बॅटरीविना असेल तर गंगापूर रोडच्या वाचकांना सांगितलेला इनपुटचा हिशेब आपल्यालाही लागू आहे.

प्रश्न : भावगीतांच्या साथीला कोणते इफेक्ट्स शोभतात? (दोन वेगवेगळी पत्रे, इंदिरानगर आणि देवळाली कॅम्प)

उत्तर : थोडा रिव्हर्ब, आणि तोही जागा पाहून. बंद सभागृहात जागेचा स्वतःचा प्रतिध्वनी असतो आणि गायकाच्या आवाजावर रिव्हर्ब असतोच. त्यात गिटारवर आणखी घातला तर शब्द पुसट होतात, आणि भावगीतात शब्द पुसट होणे हा साथीदाराचा दोष मानला जातो. गोदाघाटावरच्या यशवंतराव महाराज पटांगणासारख्या उघड्या जागी आवाज परत येत नाही, तेथे तीच गिटार कोरडी आणि तुटक वाटते आणि रिव्हर्ब मोकळेपणाने वाढवता येतो.

डिलेविषयी सावध असावे. पेडलवर लय ठरवून स्वर मात्रेवर परत येईल अशी रचना करता येते : मिनिटाला ८० मात्रांची लय असेल तर एका मात्रेला ७५० मिलिसेकंद. क्लिकवर वाजवणाऱ्या बँडला हे छान जमते. आपल्याकडे तबलजी अंतऱ्यानंतर लय किंचित पुढे नेतो, गायक एखाद्या शब्दावर रेंगाळतो, आणि मग मात्रेवर बांधलेला डिले ठेक्याशी भांडू लागतो. ठेवायचाच असेल तर शंभर मिलिसेकंदांच्या आसपासचा, एकदाच परत येणारा आणि जेमतेम ऐकू येणारा ठेवावा.

कोरस पिझोचा कर्कशपणा झाकतो, त्यामुळे तो पहिल्या ऐकण्यात आवडतो. संपूर्ण कार्यक्रमभर मात्र तो कंटाळवाणा होतो आणि हार्मोनियमच्या स्थिर सुराशेजारी त्याचे डुलणे बेसूर भासते. एखाद्या गाण्याच्या सुरुवातीच्या तुकड्यासाठी पायाने चालू करून लगेच बंद करावा. कॉम्प्रेसर बोटांनी छेडलेले स्वर एकसारखे करतो, पण मोठा आवाज दाबल्यावर तो एकूण पातळी वर उचलतो, म्हणजे हळू वाजवताना गिटार आधीपेक्षा मोठी असते आणि घुमण्याला तेवढीच जवळ जाते. ज्यांना घुमण्याचा त्रास आहे त्यांनी तो उघड्या मंचावर वापरू नये.

देवळालीच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी विचारले आहे की, साउंडवाल्यांना नेमके काय सांगावे. दोन गोष्टी पुरतात : आपला सिग्नल डीआयमधून येतो आहे, आणि त्याला फँटम पॉवर लागते किंवा लागत नाही. जॅक काढण्याआधी आणि घालण्याआधी चॅनेल म्यूट करण्याची खूण त्यांच्याशी आधीच ठरवून घ्यावी, आणि ट्यूनरला म्यूटची सोय असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये, निवेदन चालू असताना, तीच वापरावी.